बेटं परत द्यायची, तर कायद्यात काय काय लिहावं लागतं?

१९८५ साली ब्रिटनच्या संसदेने हाँगकाँगसाठी एक छोटा कायदा केला. त्याच्या सुरुवातीचं वाक्य असं की १ जुलै १९९७ पासून हाँगकाँगच्या कोणत्याही भागावर राणीचं सार्वभौमत्व किंवा अधिकारक्षेत्र राहणार नाही. दीडशे वर्षांचं राज्य एका वाक्यात संपलं. मग बाकीचा कायदा कशासाठी होता? एखादा प्रदेश सोडताना झेंडा उतरवणं हे सगळ्यात सोपं काम असतं. त्या प्रदेशात कालपर्यंत चालत असलेले कायदे, न्यायालयं, करार, माणसांचे पासपोर्ट या सगळ्याचं उद्या सकाळी काय होणार, हे कोणीतरी बसून लिहून ठेवावं लागतं.

हे काम कसं चालतं ते समजून घ्यायला चागोस बेटांचं उदाहरण घेऊ. एक तर ते अगदी अलीकडचं आहे. दुसरं म्हणजे त्यात कायद्याने काय सांभाळलं आणि कोणाला वगळलं, हे फार स्पष्ट दिसतं.

चागोस म्हणजे हिंदी महासागराच्या मधोमध, भारताच्या दक्षिण टोकापासून सुमारे १६०० किलोमीटरवर असलेली साठेक छोटी बेटं. लक्षद्वीप आणि मालदीव ज्या समुद्राखालच्या डोंगररांगेवर उभे आहेत, तिचंच हे दक्षिणेकडचं टोक. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणातून सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ओतला गेला, त्याच ठिकाणाने पुढे ही रांग आणि नंतर मॉरिशस घडवलं. बेटांमधलं सगळ्यात मोठं डिएगो गार्सिया. जमीन जेमतेम तीस चौरस किलोमीटर, पण त्यावर अमेरिकेचा मोठा लष्करी तळ आहे. सगळा तिढा या तळापाशी येतो.

आधी हा तिढा पडला कसा ते पाहू, कारण सोडवणारा कायदा त्याच गाठी उलट्या क्रमाने सोडवतो.

मॉरिशस ही ब्रिटिश वसाहत होती आणि चागोस तिचाच भाग म्हणून चालवलं जाई. १९६५ मध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये सुरू होती. त्याच वेळी अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता, आणि तोही माणसं नसलेल्या जागी. २३ सप्टेंबर १९६५ रोजी ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना एकांतात भेटले. भेटीआधी विल्सन यांना जे टिपण दिलं होतं ते आज उपलब्ध आहे. त्याचा मथितार्थ असा की रामगुलाम यांना आशाही दाखवावी आणि भीतीही. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि बेटांबाबत शहाणपणाने वागले नाहीत तर मिळणार नाही ही भीती. तीस लाख पौंडांच्या मोबदल्यात बेटं तोडून देण्याला संमती घेतली गेली. ज्याच्या हातात तुमच्या सुटकेची किल्ली आहे, त्याने मागितलेल्या सहीला संमती म्हणायचं का, हा प्रश्न पुढे पन्नास वर्षं मॉरिशस विचारत राहिला.

८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी' नावाची एक नवी वसाहत जन्माला आली. जगभर वसाहती संपत असताना ब्रिटनने नवी वसाहत काढली. आणि ती कशाने काढली? संसदेच्या कायद्याने नव्हे, तर 'ऑर्डर इन कौन्सिल' नावाच्या राजाज्ञेने. आपल्याकडे जुन्या खटल्यांमुळे ज्या प्रिव्ही कौन्सिलचं नाव ऐकिवात आहे, तिच्या बैठकीत मंत्र्यांच्या सल्ल्याने राणी मान डोलावते आणि हुकूम निघतो. संसदेत ना चर्चा, ना मतदान. या राजाज्ञा लक्षात ठेवा, त्या पुढे पुन्हा येणार आहेत.

१९६६ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने पत्रांची देवाणघेवाण करून तळाचा करार केला. राहता राहिली माणसं. चागोसवर नारळाच्या मळ्यांत काम करणारी दीड-दोन हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. मादागास्कर, मोझांबिककडून गुलाम म्हणून आणलेल्यांचे आणि काही भारतीय मजुरांचे ते वंशज. त्यांची स्वतःची क्रेओल बोली होती, चर्च होतं, कबरस्तान होतं. लंडनच्या कागदांत मात्र त्यांना तात्पुरते कंत्राटी कामगार ठरवण्यात आलं. कारण कायमची प्रजा आहे म्हटलं की संयुक्त राष्ट्रांना उत्तर द्यावं लागलं असतं. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लिहून ठेवलं की या बेटांवर समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी कोणी उरणार नाही. १९६८ ते १९७३ या काळात सगळ्यांना हलवलं. उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली. डिएगो गार्सिया १९७१ मध्ये रिकामं केलं, तेव्हा लोकांनी पाळलेली कुत्री गोळा करून मारली. माणसं मालवाहू बोटीतून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवली. घर नाही, काम नाही.

मॉरिशसमध्ये आपली कोकणातली माणसंही राहतात. गिरमिटावर गेलेल्यांचे वंशज ते, आज तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुटी असते. बोटीने दुसऱ्याच्या गरजेसाठी हलवलं जाणं म्हणजे काय, हे त्या बेटावरच्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. तरी तिथेही चागोसवाल्यांच्या वाट्याला पोर्ट लुईच्या झोपडवस्त्याच आल्या.

आता मॉरिशसचं म्हणणं कायद्याच्या भाषेत काय होतं? संयुक्त राष्ट्रांच्या १९६० च्या ठरावानुसार (त्याचा क्रमांक १५१४) वसाहतीला स्वातंत्र्य देताना तिचे तुकडे पाडता येत नाहीत. भावाला वेगळं काढायचं ठरल्यावर वाटणीच्या आदल्या रात्री घराची एक खोली आपल्या नावावर करून घ्यायची, तसा हा प्रकार. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागितलं. भारताने मॉरिशसची बाजू मांडली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सांगितलं की मॉरिशसचं निर्वसाहतीकरण कायदेशीरपणे पूर्ण झालेलंच नाही, आणि ब्रिटनने बेटांवरचा कारभार लवकरात लवकर संपवावा. त्यानंतर आमसभेत ११६ देश मॉरिशसच्या बाजूने आणि ६ विरोधात असं मतदान झालं. हे मत सल्लावजा होतं, बंधनकारक नव्हतं. पण तळ ज्या जमिनीवर उभा आहे तिचा मालकी हक्कच संशयात सापडला, आणि लष्करी तळाला संशयातली जमीन परवडत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने बोलणी सुरू केली आणि २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. ब्रिटनकडून कीर स्टार्मर, मॉरिशसकडून नवीन रामगुलाम, म्हणजे १९६५ मध्ये विल्सन यांच्यासमोर बसलेल्या शिवसागर रामगुलाम यांचे चिरंजीव.

करार थोडक्यात असा. सगळ्या बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसचं, डिएगो गार्सियासकट. पण डिएगो गार्सियावर पुढची ९९ वर्षं मॉरिशसच्या वतीने सगळे अधिकार ब्रिटन वापरेल, म्हणजे तळ आहे तसा चालेल. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव मॉरिशसचं, वहिवाट ब्रिटनची. बदल्यात ब्रिटनने पहिली तीन वर्षं दर वर्षी १६.५ कोटी पौंड द्यायचे, पुढची दहा वर्षं १२ कोटी, आणि त्यानंतर महागाईप्रमाणे वाढती रक्कम. शिवाय मॉरिशसच्या विकासासाठी पंचवीस वर्षं साडेचार कोटी पौंड दर वर्षी, आणि चागोसवाल्यांसाठी एकदाच ४ कोटी पौंडांचा निधी.

सह्या झाल्या म्हणजे काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण ब्रिटनच्या पद्धतीत करार करणं हे राजाच्या नावाने सरकारचं काम, आणि देशातला कायदा बदलणं हे संसदेचं. आंतरराष्ट्रीय कराराने ब्रिटनचा कायदा आपोआप बदलत नाही. म्हणून दोन वाटा एकाच वेळी चालाव्या लागतात. पहिली वाट कराराची. २०१० च्या कायद्यानुसार करार संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवायचा. त्यावर मतदान घेतलंच पाहिजे असं नाही. विरोधाचा ठराव झाला नाही, तर सरकार पुढे जाऊ शकतं. दुसरी वाट विधेयकाची. 'डिएगो गार्सिया मिलिटरी बेस अँड ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी' या लांबलचक नावाचं विधेयक जुलै २०२५ मध्ये मांडलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये कनिष्ठ सभागृहातून वरिष्ठ सभागृहाकडे, म्हणजे लॉर्ड्सकडे गेलं. नाव लांब, विधेयक आखूड. पण त्यातल्या प्रत्येक कलमामागे एक मोठा प्रश्न आहे.

पहिला प्रश्न तारखेचा. हाँगकाँगची तारीख कायद्यातच छापलेली होती, कारण तिथल्या बऱ्याच जमिनीचा चीनकडून घेतलेला भाडेपट्टा कधी संपतो हे शंभर वर्षं आधीपासून माहीत होतं. चागोसच्या विधेयकात अशी तारीख नाही. करार ज्या दिवशी अमलात येईल त्या दिवशी सार्वभौमत्व संपेल, असं त्यात म्हटलं आहे. आणि दोन्ही देशांनी आपापल्या घरची तयारी झाल्याचं एकमेकांना कळवल्याशिवाय करार अमलात येत नाही. म्हणजे विधेयक मंजूर होऊन त्याचा कायदा झाला, तरी बेटं लगेच हलत नाहीत. कायदा दार उघडून ठेवतो, उंबरा ओलांडायचा तो कराराने. आपल्याकडे पुदुच्चेरीचं असंच झालं होतं. १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार भारताकडे आला, १९५६ ला करार झाला, आणि फ्रान्सची मंजुरी मिळून तो अमलात यायला १९६२ चा ऑगस्ट उजाडला. मधली आठ वर्षं पुदुच्चेरी भारताच्या ताब्यात होतं, पण कागदावर सार्वभौमत्व फ्रान्सचं. ताबा आणि सार्वभौमत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा लक्षात आलं की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो.

दुसरा प्रश्न चालू कायद्यांचा, आणि मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा कायद्याने फक्त एवढंच म्हटलं की उद्यापासून इथे राजाचं राज्य नाही. मग राजाच्या राज्यामुळे उभे असलेले सगळे नियम त्याच क्षणी कोसळतात. डिएगो गार्सियावर उद्या चोरी झाली तर कुठल्या कायद्याखाली पकडणार? तिथलं न्यायालय कोणत्या अधिकाराने बसणार? म्हणून विधेयकात जपणुकीचं कलम घातलं आहे. सार्वभौमत्व गेलं तरी डिएगो गार्सियापुरते चालू कायदे पुढे चालू राहतील, असं ते सांगतं.

जपणुकीचं कलम ही कोरडी तांत्रिक बाब वाटते, पण त्याचं आयुष्य फार लांब असतं. १९४७ चा भारतीय स्वातंत्र्याचा कायदा ब्रिटिश संसदेत ४ जुलैला मांडला आणि १८ जुलैला त्यावर राजाची मोहर उमटली, अवघ्या दोन आठवड्यांत. इतक्या घाईतही त्यात लिहिलं होतं की ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे बदलले जाईपर्यंत तसेच चालू राहतील. पुढे आपल्या राज्यघटनेच्या ३७२ व्या कलमानेही तेच म्हटलं. म्हणून १८६० ची भारतीय दंड संहिता २०२४ च्या ३० जूनपर्यंत आपल्या पोलीस ठाण्यांत लागू होती. गोव्यात तर हे घरोघरी पाहायला मिळतं. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले, १९६२ च्या कायद्याने तिथले चालू कायदे राखले, आणि १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मागे राहिली. लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत कोणाची, हे गोव्यात आजही तिच्यावरून ठरतं. राज्य गेलं तरी त्याचा कायदा माणसांच्या घरात राहतो, तो असा.

तिसरा प्रश्न नागरिकत्वाचा. चागोसच्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना ब्रिटिश नागरिकत्व मिळवण्याची सोय झाली होती. वंशजांसाठीची वाट २०२२ च्या कायद्याने रुंद केली. लंडनजवळच्या क्रॉली गावात आज त्यांची मोठी वस्ती आहे. ज्या प्रदेशाशी नातं सांगून हे नागरिकत्व मिळालं, तो प्रदेशच ब्रिटिश यादीतून निघाला, तर त्या माणसांचं काय? म्हणून ज्यांना ते मिळालं आहे त्यांचं जाऊ नये अशी तरतूद विधेयकात करावी लागली. गोव्याच्या वाचकांना हे सांगायला नको. १९६१ च्या आधी जन्मलेल्या आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये नाव लावून घेणारी घरं गावोगाव आहेत.

चौथी गोष्ट, उरलेलं सगळं. मसुदा करणाऱ्याला प्रत्येक बारीक गोष्ट आधी सुचत नाही. म्हणून शेवटी एक मोकळं कलम घालतात की आणखी जे बदल करावे लागतील ते करण्याचा अधिकार अमुकाला. चागोसच्या विधेयकात हा अधिकार 'ऑर्डर इन कौन्सिल'ला दिला आहे. तीच राजाज्ञा, जिने १९६५ मध्ये ही वसाहत निर्माण केली. २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयाने चागोसवाल्यांच्या बाजूने निकाल देऊन त्यांना हद्दपार करणारा नियम रद्द ठरवला, तेव्हा २००४ मध्ये सरकारने याच साधनाने, संसदेला न विचारता, त्यांचा परतीचा रस्ता पुन्हा बंद केला. तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या लॉर्ड्सच्या न्यायपीठाने २००८ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी ते उचलून धरलं. असं मोकळं कलम अशा कायद्यात लागतंच, मला ते मान्य आहे. पण या बेटांच्या बाबतीत ते वाचताना हात थबकतो. इथे तरी प्रत्येक आज्ञा संसदेत मांडून, मत घेऊनच लागू व्हावी असं स्पष्ट लिहायला हवं होतं, असं मला वाटतं.

घेणाऱ्या देशाकडे काय करावं लागतं? मॉरिशसचं काम तुलनेने सोपं, कारण त्यांच्या राज्यघटनेतल्या देशाच्या व्याख्येत चागोसचं नाव आधीपासूनच आहे. सगळीकडे असं नसतं. भारतात गोवा घटनेत आणायला बारावी घटनादुरुस्ती करावी लागली. आणि प्रदेश द्यायचा असेल तर आपल्याकडे नियम आणखी कडक आहे. बेरुबारी प्रकरणी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारताची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची, तर साधा कायदा पुरत नाही, घटनादुरुस्तीच हवी. म्हणून २०१५ मध्ये बांगलादेशाशी वस्त्यांची अदलाबदल करताना शंभरावी घटनादुरुस्ती झाली. पोर्तुगालची गोष्ट उलटी. गोवा हातातून गेल्यावरही तेरा वर्षं त्यांनी ते मानलं नाही. १९७४ मध्ये त्यांच्याकडे क्रांती झाली, हुकूमशाही गेली, आणि मग त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

आणखी एक अडचण चागोसलाच आहे, ती तिसऱ्या देशाची. १९६६ च्या पत्रांत ब्रिटनने अमेरिकेला सांगितलं होतं की हा प्रदेश ब्रिटिश सार्वभौमत्वाखाली राहील. आता तो राहणार नसेल, तर तो जुना कागदही बदलायला हवा. म्हणजे दोन देशांच्या करारासाठी तिसऱ्याची मान हलावी लागते. मे २०२५ मध्ये अमेरिकेने कराराचं स्वागत केलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच करारावर जाहीर टीका केली. ज्या कायद्यात तारीख छापलेली नसते तो असा तिसऱ्याच्या मर्जीवर लटकू शकतो.

या सगळ्यात चागोसची माणसं कुठे आहेत? करार दोन सरकारांमधला. बोलणी करणाऱ्या टेबलावर त्यांना खुर्ची नव्हती. त्यांच्यात एकमत नाही, हेही खरं. मॉरिशसमधले अनेकजण कराराला घराकडे जाणारी वाट मानतात. क्रॉलीतले अनेकजण म्हणतात, आम्हाला न विचारता १९६५ मध्ये तोडलं आणि आता आम्हाला न विचारताच जोडताय. सह्या होण्याच्या दिवशी सकाळी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या दोघी चागोसवालींच्या अर्जावर न्यायालयाने करार काही तास थांबवलाही होता. मला बेटं मॉरिशसकडे जाणं न्यायाचं वाटतं. १९६५ ची तोडणी बेकायदा होती, तर ती दुरुस्त व्हायलाच हवी. पण कुत्री मारलेल्या, बोटीत कोंबलेल्या, आणि १९८२ च्या समझोत्यात न कळणाऱ्या इंग्रजी कागदावर अंगठा घेऊन चाळीस लाख पौंडांत हक्क सोडायला लावलेल्या लोकांचं मत घेण्याचं कलम या विधेयकात मुळातच असायला हवं होतं. ते लिहिणं अवघड नव्हतं. पासपोर्टाचं कलम लिहिलं, तळाच्या कायद्यांचं लिहिलं, तसंच तेही लिहिता आलं असतं.

करारानुसार मॉरिशसला पेरोस बान्योस, सॉलोमन अशा इतर बेटांवर पुन्हा वस्ती करता येईल. डिएगो गार्सियावर नाही. तिथून शेवटची बोट १९७१ मध्ये सुटली, म्हणजे तिथे जन्मलेलं सगळ्यात धाकटं मूलही आज पन्नाशीपुढचं आहे. त्यांच्या आजी-आजोबांच्या कबरी त्या तळाच्या कुंपणापलीकडे आहेत, आणि तिथे जायचं तर परवानगी काढून, ठरावीक वेळेपुरतं पाहुणे म्हणून जायचं.